बाप्तिस्मा झाला, पुढे काय? पंडिता रमाबाईंना श्रद्धा ‘आपली’ वाटायला आणखी आठ वर्षं का लागली?

पंडिता रमाबाई म्हटलं की शाळेच्या पुस्तकातल्या दोन गोष्टी आठवतात. संस्कृतच्या विदुषी आणि विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या समाजसुधारक. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ही तिसरी गोष्ट बहुतेक वेळा एका वाक्यात उरकली जाते. कुणी ती कौतुकाने सांगतं, कुणी रागाने. पण दोघांच्याही बोलण्यात ती एका दिवसाची घटना असते: २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधलं वाँटेज गाव, बाप्तिस्मा.

स्वतः रमाबाईंचा हिशेब वेगळा होता. १९०७ मध्ये त्यांनी आपल्या श्रद्धेच्या प्रवासाबद्दल एक छोटं पुस्तक लिहिलं. बाप्तिस्म्यानंतर बरीच वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ज्याच्या नावाने तो धर्म आहे तो ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्यांनी त्यात दिली. ही जाणीव त्यांना १८९१ च्या सुमारास झाली. त्यानंतरही प्रवास थांबला नाही. तो ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिला.

बुलढाणा, खामगाव, मलकापूर या भागात ख्रिस्ती मंडळ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. बाप्तिस्मा घेतला किंवा ख्रिस्ती घरात जन्म झाला, आता पुढे काय, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक पिढीसमोर येतो. रमाबाईंनी या प्रश्नाचं उत्तर कसं शोधलं, ते समजून घेऊ.

एका नजरेत

- १८५८: पश्चिम घाटातल्या गंगामूळ इथे जन्म
- १८७८: भावासह कलकत्त्यात, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या
- १८८३: वाँटेज इथे बाप्तिस्मा
- १८८९: मुंबईत शारदा सदन
- १८९१ च्या सुमारास: श्रद्धेतलं मोठं वळण
- १८९६-९७: मध्य प्रांतातला दुष्काळ, त्यानंतर केडगावचं मुक्ती मिशन
- १९२२: मृत्यू
- १९२४: त्यांनी भाषांतरित केलेलं संपूर्ण मराठी बायबल प्रसिद्ध

श्रद्धेची परिपक्वता म्हणजे नेमकं काय?

ख्रिस्ती परंपरेत बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश. तो शेवट नसून सुरुवात मानली जाते. नव्या करारातल्या पत्रांमध्ये यासाठी घरगुती उदाहरण येतं. नवा विश्वासी दूध पिणाऱ्या बाळासारखा असतो. हळूहळू त्याला घट्ट अन्न पचायला हवं, म्हणजेच बरं-वाईट स्वतः पारखता यायला हवं.

पण हे वाढणं मोजायचं कशाने? चर्चमधल्या हजेरीने, पाठ केलेल्या वचनांनी, की पाळकांचं ऐकण्याने? रमाबाईंच्या आयुष्यात हाच वादाचा मुद्दा झाला. त्यांच्या इंग्लंडमधल्या मार्गदर्शकांना वाटे की परिपक्व माणूस नम्रपणे चर्चची शिकवण स्वीकारतो. रमाबाईंना वाटे की परिपक्व माणूस आधी स्वतः वाचतो, प्रश्न विचारतो आणि मग स्वीकारतो.

प्रश्न विचारण्याची ही सवय आली कुठून?

घरातून. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्मठ वैष्णव. पण बायकोला संस्कृत शिकवण्यावरून त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला होता. ते गंगामूळच्या जंगलात राहायला गेले. २३ एप्रिल १८५८ रोजी तिथेच रमाबाईंचा जन्म झाला. येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंचं आदरातिथ्य करता करता मालमत्ता संपली आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. रमाबाई तेव्हा सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटीत ठेवून त्यांना डोक्यावरून नेलं गेलं.

पुढची पंधरा-सोळा वर्षं हे कुटुंब देवळादेवळांत पुराण सांगत फिरलं. मेहकरला बालाजीच्या किंवा शेगावला महाराजांच्या दर्शनाला जाणाऱ्या माणसाला पोथी आणि पारायण नवं नाही. डोंगरे कुटुंबाचं पोट त्यावरच चालायचं. लोक श्रद्धेने जे ठेवतील तेवढीच कमाई. रमाबाईंना आईने शिकवलं. भागवताचे १८ हजार श्लोक त्यांना मुखोद्गत होते, असं सांगितलं जातं.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमारास आधी वडील, नंतर थोड्याच दिवसांत आई आणि त्यापाठोपाठ मोठी बहीण गेली. अंगमेहनत करणं किंवा भीक मागणं या कुटुंबाला माहीत नव्हतं. देवाला नवस, उपवास, दानधर्म सगळं करून झालं होतं. उरलेली दोघं भावंडं, श्रीनिवास आणि रमा, हजारो किलोमीटर पायी हिंडली. शास्त्रात सांगितलेलं सगळं करूनही देव ऐकत का नाही, हा प्रश्न या पायपिटीतच रुजला.

ख्रिस्ती धर्माशी पहिली भेट कशी झाली?

ती जरा गमतीशीर होती. १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच काळात भावंडांना एका ख्रिस्ती मेळाव्याचं बोलावणं आलं. प्रार्थनेच्या वेळी तिथली मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली. हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात, असं या दोघांना वाटलं.

निघताना रमाबाईंना संस्कृतातलं बायबल भेट मिळालं. ते त्यांनी उघडून पाहिलं आणि बाजूला ठेवलं, कारण त्यातलं संस्कृत त्यांना माहीत असलेल्या ग्रंथांसारखं नव्हतं. संस्कृतची पंडिता संस्कृत बायबल वाचू शकली नाही. पुढे त्यांनी जे काम हाती घेतलं, त्याच्या दृष्टीने हा अनुभव महत्त्वाचा आहे.

कलकत्त्यातच दुसरी घटना घडली. पडद्यातल्या स्त्रियांना धर्मशास्त्रानुसार त्यांची कर्तव्यं सांगावीत, अशी विनंती रमाबाईंना करण्यात आली. त्यासाठी त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचू लागल्या. हे ग्रंथ अनेक बाबतींत एकमेकांशी भांडतात, पण स्त्रिया आणि शूद्र यांना खालचं मानण्यावर त्यांचं एकमत आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेद दिला. स्त्रीने वेद वाचायचा नाही, असं लहानपणापासून ऐकलेल्या रमाबाईंनी तो वाचायला घेतला.

बाप्तिस्म्यापर्यंत त्या कशा पोहोचल्या?

सरळ रस्त्याने नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे हे लग्न त्या काळी मोठं धाडस होतं. आसामातल्या सिल्चरला संसार सुरू झाला. तिथल्या घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन बायबल समजावून सांगू लागले. नवऱ्याला हे फारसं आवडलं नाही. पण हा विषय पुढे जाण्याआधीच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, ते पटकीने गेले. मुलगी मनोरमा तेव्हा एक वर्षाचीही नव्हती.

रमाबाई पुण्याला आल्या. त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली. याच काळात त्या इंग्रजी शिकल्या आणि नवा करार वाचू लागल्या. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे यांच्याशी त्यांची चर्चा होत असे. गोरे स्वतः शास्त्री घराण्यातले आणि काशीच्या पंडिती परंपरेत वाढलेले. त्यामुळे त्यांचं म्हणणं रमाबाईंना परकं वाटलं नाही.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा डॉक्टर होण्याचा विचार होता. कमी ऐकू येत असल्याने तो सोडावा लागला. वाँटेजच्या सिस्टर्सकडे त्यांची राहण्याची सोय झाली होती. या सिस्टर्स लंडनजवळच्या फुलम इथे, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवत. रमाबाई तो पाहायला गेल्या. अशा स्त्रियांना हाकलण्याऐवजी कुणी प्रेमाने सांभाळतं, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. असं का करता, असं विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरची कथा सांगण्यात आली. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे या टप्प्यावर रमाबाईंना पटलं होतं ते ख्रिस्ती आचरण. त्यामागचा सिद्धान्त अजून त्यांच्या पचनी पडायचा होता.

मग वाद कशावरून झाला?

जवळजवळ सगळ्यावरून. १८८४ पासून रमाबाई चेल्टनमच्या महिला कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक आई मानल्या जात. दोघींमध्ये लांबलचक पत्रव्यवहार झाला. तो १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

त्या पत्रांमधले मुद्दे साधारण असे होते. त्रैक्याचा, म्हणजे एकाच देवाच्या तीन व्यक्तींचा सिद्धान्त बायबलमध्ये कुठे आणि कसा सांगितला आहे, असं रमाबाई विचारत. चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, मला पुस्तकात दाखवा, हा त्यांचा आग्रह होता. त्या शाकाहारी राहिल्या आणि साडी सोडली नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरंच का हवीत, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न होता. लॅटिन जशी इंग्रज बाईची मातृभाषा नाही, तशी ती आपलीही नाही, मग तिच्यात जास्त पावित्र्य कुठून आलं, असा त्यामागचा विचार.

एक वाद तर थेट अधिकाराचा होता. चेल्टनममध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची संधी समोर आली, तेव्हा भारतात काम करणाऱ्या बिशपांनी विरोध केला. यामुळे भारतात परतल्यावर त्यांची प्रतिष्ठा जाईल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंना हे मान्य नव्हतं. भारतात पुरुषांच्या सभेत व्याख्यानं देऊन आलेल्या बाईला हा नियम कशासाठी, असा त्यांचा सवाल होता.

सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. रमाबाईंच्या लेखी ही सदसद्विवेकबुद्धी होती. एका परंपरेच्या पंडितांचा अधिकार झुगारून आलेली बाई दुसऱ्या परंपरेच्या पंडितांपुढे मान तुकवायला तयार नव्हती.

इकडे महाराष्ट्रात त्यांच्या धर्मांतरावर टीकेची झोड उठली होती. त्या वेळी जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली. रमाबाई मात्र दोन आघाड्यांवर होत्या. पुण्याच्या लेखी त्या फार ख्रिस्ती झाल्या होत्या, तर वाँटेजच्या लेखी पुरेशा ख्रिस्ती झाल्या नव्हत्या.

१८९१ च्या सुमारास काय बदललं?

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला त्या हजर होत्या. १८८७ मध्ये त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक आलं. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षांच्या मदतीची तजवीज झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. सदनात धर्म शिकवला जाणार नाही, हे ठरलेलं होतं.

बाहेरून पाहणाऱ्याला सगळं यशस्वी दिसत होतं. आतून रमाबाई अस्वस्थ होत्या. त्या बायबल वाचत, प्रार्थना करत, समाजकार्य करत. पण आपण एका मताचा स्वीकार केला आहे, यापलीकडे काही घडलेलं नाही, असं त्यांना वाटे.

या काळात त्यांनी विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र वाचलं. हॅसलम अनेक वर्षं चर्चमध्ये उपदेश करत होते आणि मग एके दिवशी आपल्यालाच त्याचा अर्थ कळलेला नाही, हे त्यांना उमगलं. रमाबाईंना हे वर्णन स्वतःला लागू पडलं. आपण बुद्धीने धर्म तपासला, पण देवावर स्वतःला सोपवलं नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं, असा याचा अर्थ नाही. बायबल स्वतः वाचण्याचा आग्रह शेवटपर्यंत कायम राहिला आणि त्या कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत बसल्या नाहीत. बदल झाला तो दुसऱ्या बाजूने. नाकारायचं काय, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. विसंबायचं कशावर, हे आता ठरलं.

शारदा सदनाचा वाद काय होता?

या बदलाची किंमत लगेच मोजावी लागली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नाही, पण हाकललंही नाही. मुलींना आपापली पूजा-अर्चा करायलाही मोकळीक होती.

१८९३ मध्ये यावरून वादळ उठलं. न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. अनेक पालकांनी मुलींना काढून नेलं.

दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखं होतं. आपल्या घरात आपण उघडपणे प्रार्थना करू शकत नसू तर ते स्वातंत्र्य कसलं, असं रमाबाईंचं म्हणणं होतं. धर्माबाबत तटस्थ राहण्याच्या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या. ज्या बाईवर त्या मुली सर्वस्वी अवलंबून आहेत तिची प्रार्थना हाच प्रभाव असतो, असं टीकाकारांचं म्हणणं होतं. हा प्रश्न इथे मिटला नाही. पुढे दुष्काळात तो आणखी मोठा होऊन परत आला.

दुष्काळाने काय शिकवलं?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. अनाथ आणि विधवा मुलींना फसवून नेणारे लोक मदत छावण्यांभोवती फिरत असल्याच्या बातम्या येत होत्या. रमाबाईंना आपल्या आईवडिलांचा शेवट आठवला आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या.

पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती आणि एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी नव्हती. पुण्याजवळच्या केडगावला रमाबाईंनी शेतजमीन घेऊन ठेवली होती. मुलींना तिथे नेलं आणि त्यातून मुक्ती मिशन उभं राहिलं. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपल्यानंतर काम उघडपणे ख्रिस्ती पायावर आलं. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

वादविवादात रमलेल्या विदुषीला आता रोज शेकडो माणसांच्या जेवणाची, औषधाची, कपड्यांची काळजी होती. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामं मुली शिकल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडलं. फुलमला पाहिलेला आश्रम आता केडगावात होता. अंध मुलींसाठीही सोय झाली आणि मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपी शिकवली.

वऱ्हाडाचा याच्याशी काय संबंध?

१८९९-१९०० च्या दुष्काळाचा तडाखा वऱ्हाडालाही बसला. बुलढाणा जिल्हा तेव्हा वऱ्हाड प्रांताचा भाग होता. अमेरिकेतल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचं काम अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर या पट्ट्यात चालू झालेलं होतं.

वऱ्हाडात दीर्घकाळ काम केलेल्या अलायन्सच्या मिशनरी जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांवरच्या अन्यायाबद्दल इंग्रजी पुस्तक लिहिलं. ते १९०० मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती. केडगाव आणि वऱ्हाड यांच्यातला दुवा असा कागदावर आहे.

दोन्हीकडचा प्रश्नही सारखा होता. दुष्काळात आधार मिळाला आणि त्या आधाराबरोबर धर्म आला, अशी एक पिढी तयार झाली. तिच्या श्रद्धेला स्वतःची मुळं कशी फुटणार?

पण आश्रित मुलींच्या निवडीचं काय?

रमाबाईंच्या आयुष्यातला हा सगळ्यात अवघड भाग आहे. स्वतःच्या विवेकासाठी त्या बिशपांशी भांडल्या. त्यांच्या छपराखाली राहणाऱ्या मुलीला मात्र तेवढं स्वातंत्र्य होतं का? जिला खायला घातलं, जिला वाचवलं, तिच्याकडे नाही म्हणण्याची ताकद कितपत असणार?

टीकाकार याला आमिष म्हणत. रमाबाईंना वाटे की जे आपल्याला जीवनदायी वाटलं ते लपवून ठेवणं हीच फसवणूक होईल. वाचवलेल्या मुलींच्या मनात नेमकं काय चाललं होतं, हे दोन्ही बाजूंच्या लिखाणावरून पूर्ण कळत नाही, कारण बहुतेक नोंदी संस्थेच्या किंवा तिच्या विरोधकांच्या आहेत.

रमाबाईंनी त्या मुलींच्या हाती काय दिलं, हे मात्र पाहता येतं. त्यांनी मुलींना वाचायला शिकवलं आणि पोट भरण्याचं कौशल्य दिलं. जिला वाचता येतं आणि कमावता येतं, तिला पुढे कधीतरी स्वतः ठरवता येतं. प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर नाही, पण त्या दिशेने टाकलेलं पाऊल नक्कीच आहे.

१९०५ मध्ये मुक्तीत काय घडलं?

१९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींचा प्रार्थनागट सुरू केला. वेल्समधल्या धार्मिक संजीवनाच्या बातम्या तेव्हा जगभर पोहोचत होत्या. जूनच्या अखेरीस मुक्तीत मोठी खळबळ झाली. मुली रडत पश्चात्ताप करत, तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करत. जगातल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेची नोंद घेतली जाते.

अनेक मिशनऱ्यांना हा आरडाओरडा अनावर वाटला. रमाबाईंनी तो थांबवला नाही. भारतीय मुली आपल्या पद्धतीने भावना व्यक्त करत असतील तर युरोपी शिस्तीच्या मापाने त्यांना मोजू नये, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वेळी, असा अनुभव आला तरच श्रद्धा खरी, अशी कसोटीही त्यांनी लावली नाही. ज्यांना अनुभव आला त्यांनी तो सेवेत दाखवावा, यावर त्यांचा भर होता. संजीवनाच्या काळात मुक्तीतल्या मुलींचे गट आसपासच्या गावांत जाऊ लागले.

बारकाईने चिकित्सा करणारी विदुषी आणि भावनेच्या पुराला वाट देणारी आश्रमचालिका, ही एकाच बाईची दोन रूपं इथे एकत्र दिसतात.

मराठी बायबलचं भाषांतर त्यांनी का हाती घेतलं?

मराठी बायबल तेव्हा उपलब्ध होतं. सेरामपूरच्या मिशनऱ्यांपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून भाषांतरं होत आली होती. रमाबाईंचा आक्षेप भाषेवर होता. त्यातले संस्कृत शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत आणि त्या शब्दांना चिकटलेले जुने तात्त्विक अर्थ मूळ आशय बदलतात, असं त्यांचं मत होतं.

त्यामुळे वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचं ठरवलं. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या बाईने आपलं पांडित्य बाजूला ठेवून जात्यावर बसणाऱ्या बाईला कळेल असा शब्द शोधायला सुरुवात केली. हे काम शेवटपर्यंत चाललं. पुस्तकाचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मुक्तीतल्या स्त्रियांनी केली.

या भाषांतरावरही टीका झाली. मूळ भाषेला फार चिकटून राहिल्याने काही ठिकाणी मराठी अवघडते, असं म्हटलं जातं. ते सगळ्या चर्चमध्ये रूढ झालं नाही. पण त्यामागचा हेतू स्पष्ट होता. मला पुस्तकात दाखवा, असं म्हणण्याचा जो हक्क रमाबाईंनी वाँटेजमध्ये स्वतःसाठी मागितला, तो त्यांना केडगावच्या प्रत्येक बाईच्या हाती द्यायचा होता.

शेवटची वर्षं सोपी नव्हती. संस्थेची धुरा सांभाळेल अशी आशा असलेली मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. रमाबाईंची तब्येत ढासळली होती. तरी मुद्रितं तपासण्याचं काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

आज त्यांच्या या प्रवासाकडे कसं पाहिलं जातं?

भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. ज्या चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपांशी त्यांचे खटके उडाले, त्याच चर्चच्या दिनदर्शिकेत आता ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे.

स्त्रीवादी अभ्यासक त्यांच्यात बंडखोर पाहतात, ख्रिस्ती मंडळ्या त्यांच्यात साक्षीदार पाहतात, तर टीकाकारांना धर्मांतराचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. या तिन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात आहेत. पण श्रद्धेत वाढणं म्हणजे काय, एवढाच प्रश्न समोर ठेवला तर टप्पे स्पष्ट दिसतात. आधी त्यांनी दुसऱ्यांची करुणा पाहून धर्म स्वीकारला. मग त्यातला प्रत्येक शब्द स्वतः तपासला. तपासूनही रितेपण उरलं, तेव्हा तेही मान्य केलं. त्यानंतर भुकेल्या माणसांची जबाबदारी अंगावर घेतली. आणि शेवटी दुसऱ्या कुणाला आपल्या शब्दावर विसंबून राहावं लागू नये, म्हणून मूळ पुस्तकच सोप्या भाषेत उघडून दिलं.

यातला कोणताही टप्पा एका दिवसात पार पडला नाही. कलकत्त्यात मिळालेलं संस्कृत बायबल बाजूला ठेवल्यापासून केडगावच्या छापखान्यातली शेवटची मुद्रितं तपासेपर्यंत ४४ वर्षं गेली. बाप्तिस्म्याचा दिवस त्या ४४ वर्षांतला एक दिवस होता.